शॉकअपवाली सायकल : अनुभव येऊ द्या

काल भाचा नवी सायकल दाखवायला आला. पुढच्या चाकाच्या चिमट्यात हवेचे शॉकअप, वर निळी गुंडी, खाली लाल. ब्रेक दाबून त्याने पुढचं चाक दाबून दाखवलं आणि मला अण्णांची काळी सायकल आठवली. सस्पेन्शन म्हणजे सीटखालच्या दोन जाड स्प्रिंगा. खडीच्या रस्त्यावर अण्णा आरामात, कॅरिअरवरची मी मात्र खिळखिळी! पुढे माझी पहिली शॉकअपवाली आली. सिंहगडाच्या चढाला उभं राहून पेडल मारलं की चिमटा नाचायचा, निम्मा जीव त्यातच. लॉकआउटचा, म्हणजे चिमट्याचं दबणं बंद करायचा खटका ज्याने दाखवला त्याला अजून दुवा देते. तुमचं सांगा.

घाटवेडी : खटका ठीक, पण आधी सॅग बघा, म्हणजे नुसत्या आपल्या वजनाने चिमटा किती दबतो ते. हेल्मेट, सॅक, पाणी सगळं अंगावर घेऊन. नळीवरचं रबरी कडं खाली सीलला टेकवायचं, भिंतीला धरून अलगद बसायचं, न उसळता उतरायचं. १२० मिमीच्या चिमट्यात कडं ३० मिमीच्या आसपास वर गेलं की मळवाटेसाठी हवा बरोबर. जास्त गेलं तर भरा, कमी तर सोडा. आमच्यात एकच सायकल, हे ८८ किलो, मी ५४. दर वेळी वाद.

पक्या : ८८ 😀 भावोजींना विचारून लिहिलंत ना?

घाटवेडी : ते इथे येत नाहीत

सांगलीकर : पंक्चरवाल्याने शॉकअपला थेट कॉम्प्रेसरची नळी लावायला घेतली, हात जोडले त्याला. शॉकचा वेगळा पंप येतो, तोच वापरा. लावल्यावर काटा जरा उतरतो कारण थोडी हवा पंपाच्या नळीत जाते. काढताना फुस्स होतं तीही नळीतलीच, घाबरून जादा भरू नका.

मीनल_ना : घाटातल्या रंबल पट्ट्यांवर माझे हात बधिर व्हायचे. दबलेला चिमटा किती वेगाने परत वर येईल ते लाल गुंडी ठरवते, कासवाचं चित्र म्हणजे सावकाश, सशाचं म्हणजे झटकन. माझी दुकानातूनच पार कासवाकडे फिरवलेली! एका पट्टीवर दबलेला चिमटा पुढची येईपर्यंत वर येतच नव्हता, दर पट्टीला आणखी खाली. सशाकडे थोडी थोडी फिरवत नेली. फूटपाथवरून बसून उतरायचं, एकदाच उसळून थांबला की झालं. बाकी कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

लालमाती : स्वस्तातला शॉकअप म्हणजे नुसतं वजन. साधा चिमटा, रुंद टायर, हवा जरा कमी. आमच्या कोकणात तेवढं पुरतं.

स्मिता : माझा स्प्रिंगवाला आहे. वरची गुंडी पूर्ण सैल केली तरी दगडच! ती नुसती स्प्रिंग आधी किती दाबायची ते ठरवते, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. शेवटी नरम स्प्रिंग बसवून घेतली.

दादाकाका : जुन्या सीटच्या स्प्रिंगा कुठे मिळतील? नातवाला हव्यात, कशाला ते सांगत नाही.

पक्या : काका, पुण्यात असाल तर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. सुट्या नाही मिळाल्या तर अख्खी सीट घ्या.

दादाकाका : रविवारी मटण असतं. बुधवारी भरतो का?

पक्या : भरतो की. मटणाला किती वाजता येऊ?