उपग्रहाच्या नकाशात आमचं रान हिरवंच दिसतंय, मग तोडलं ते काय?

तिलारीकाठ
नमस्कार मंडळी. गाव दोडामार्ग तालुक्यात, नोकरी डोंबिवलीत. घरामागच्या उतरणीवर रान होतं: ऐन, किंदळ, जांभूळ, खाली ओहोळाला वेत. जमीन विकली गेली, २०१८ च्या जानेवारीत जेसीबी आला, उतरणीला पायऱ्या पाडल्या आणि रबर लागला. आज मोबाइलवर नकाशा उघडला की सगळं हिरवंगार. एका कार्यालयात तक्रार घेऊन गेलो, तर साहेबांनी तोच नकाशा माझ्याकडे फिरवला, "कुठं तुटलंय, दाखवा." काका म्हणतात, "वयरसून बघणाऱ्याक काय कळतला? झाड ता झाड."
फुकटात मिळणाऱ्या चित्रांवरून रान गेलं नि रबर आला हे दाखवता येतं का?

नकाशेवाला
काका बरोबर बोलतायत. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात 'वनाच्छादन' म्हणजे एक हेक्टर किंवा जास्त जमीन आणि तिच्यावर किमान १० टक्के झाडांचं छत्र. जमीन कुणाची, झाड कुठलं, हे त्यात बघत नाहीत. काजू, रबर, आंब्याची बाग, सगळं त्यात बसतं. शिवाय ते मोजतात साडेतेवीस मीटरच्या चौकोनांत, म्हणजे एकेक ठिपका साडेपाच गुंठ्यांचा. देशाचा हिशेब लावायला ठीक, तुमच्या उतरणीला नाही.

तुम्ही सेंटिनेल-२ घ्या. युरोपचा उपग्रह, चित्रं फुकट, कोपर्निकस ब्राउझर या त्यांच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं की झालं. ठिपका १० बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. गावात समजावायला याहून सोपं माप नाही.

आता चूक कुठे होते ते माझ्याच फजितीवरून सांगतो. नवीन होतो तेव्हा एका डोंगराचं नोव्हेंबरचं चित्र आणि एप्रिलचं चित्र शेजारी लावून मी गावच्या बैठकीत जाहीर केलं की अर्धा डोंगर तुटलाय. मागून एक आजोबा म्हणाले, "अरे, ऐनाची पानं गळलीत ती." सगळे हसले. तेव्हापासून महिना जुळल्याशिवाय मी दोन चित्रं शेजारी ठेवत नाही.

पण तुमच्या कामी हीच पानगळ येईल. पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करून दोघांच्या बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा. भरगच्च पानांवर ०.८ च्या आसपास, उघड्या मातीवर ०.२ च्या आतबाहेर. रबर मोठा झाला की डिसेंबर ते फेब्रुवारीत एकदम पानं टाकतो आणि लगेच नवी पालवी घेतो. तुमचं मिश्र रान सगळं एकदम गळत नाही. कुणी फेब्रुवारीत, कुणी एप्रिलमध्ये, जांभूळ तर हिरवंच. उतरणीवर चौकोन काढा, २०१६ पासूनचा एनडीव्हीआयचा आलेख तिथेच मागवा. शेजारी देवराई असेल तर तिच्यावरही एक चौकोन काढा, ताडून बघायला.

आणि २०१८ चा ऑक्टोबर बघून निराश होऊ नका. रबराच्या ओळींमध्ये प्युरेरियाची वेल लावतात, पावसात ती आणि गवत मिळून माती झाकून टाकतात. उघडी माती दिसेल ती फेब्रुवारी ते मेमध्येच.

रानवाट
पावसाळ्यातली चित्रं सोडून द्या, नुसते ढग. अगदीच लागलं तर सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, पण ते वाचायला शिकावं लागतं. आणि त्या जमिनीला वनसंज्ञा (सरकारदरबारी वन म्हणून नोंद) आहे की नाही हे उपग्रह सांगत नाही, आधी सातबारा नि फेरफार काढा.

तिलारीकाठ
दोन रात्री बसलो. २०१६, २०१७ ला एप्रिलकडे हलकासा उतार. मार्च २०१८ ला आलेख धाडकन खाली, ऑक्टोबरात परत वर (वेल!). गेली तीनेक वर्षं मात्र दर जानेवारीअखेर टोकदार खड्डा, महिनाभरात भरून येणारा. देवराईची रेघ जवळपास सपाट. काकांना दाखवलं. बघत राहिले, मग म्हणाले, "ह्या खड्ड्यात आमचो ओहोळ खंय?"
एक अडचण: उतरणीच्या वरच्या अंगाला काजू आहे. तो आणि रान वेगळे काढताच येईनात.

नकाशेवाला
नाही येणार. काजू सदाहरित, १० मीटरवर तो रानातच मिसळतो. तिथे चालत जा, कडेकडेनं जीपीएसवाले फोटो काढा, तारखेसकट. आणि साहेबांकडे जाताना आलेख मागे ठेवा. आधी मार्च २०१७ आणि मार्च २०१८ ची दोन चित्रं टेबलावर ठेवा. लाल माती सगळ्यांना कळते.