नागपुरातले मुलांचे इनडोअर प्ले एरिया: तुमचे अनुभव सांगा

मे महिन्यात सकाळी दहानंतर लेकरांना घेऊन कुठं जायचं, हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न. मी प्रतापनगरला राहते. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा दोनचा. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब. कूलरसमोर मुलं बसून बसून किती वेळ बसतील? त्यात विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे अजून पाच आठवडे काढायचे आहेत.

रिंगरोडवर एका इमारतीत पहिल्या मजल्यावर नवीन प्ले एरिया सुरू झालाय. घसरगुंड्या, बॉल पूल म्हणजे प्लास्टिकच्या चेंडूंनी भरलेला हौद, ट्रॅम्पोलिन म्हणजे उड्या मारायची ताणलेली जाळी, लहानग्यांचा कोपरा. आतापर्यंत चार वेळा गेलो. मुलीचं विचाराल तर ती पहिल्या दिवशी दीड तास खाली उतरली नाही. घरी आल्यावर न मागता दोन पोळ्या खाल्ल्या आणि नऊला झोपली. एरवी रात्री साडेदहापर्यंत आमची झोपेवरून ओढाताण चालते.

मुलाचं मात्र तसं नाही. लहानग्यांचा कोपरा फक्त गुडघाभर उंच गादीनं वेगळा केलाय. आठ-नऊ वर्षांची मुलं पकडापकडी खेळताना ती गादी ओलांडून सरळ आत पळतात. तिसऱ्या खेपेला एकाचा धक्का लागून माझ्या मुलाचा ओठ फुटला. तिथं बर्फ नव्हता, खालच्या ज्यूसवाल्या दादांनी दिला. चौथ्यांदा मी गेले ती फक्त मुलीला घेऊन.

मला तुमचे अनुभव हवे आहेत, चांगले आणि वाईट दोन्ही. जागेचं नाव लिहू नका. आत काय असतं, तिथं कोण लक्ष देतं आणि तुमचं मूल तिथं कसं वागलं, ते लिहा.

मानेवाडा, मुलगा ४ वर्षांचा

आम्ही कामाच्या दिवशी सकाळी जातो, माझी सुट्टी मंगळवारी असते म्हणून. त्या वेळी सहा-सात मुलं असतात आणि तीच जागा अगदी निराळी वाटते. रविवारी एकदाच गेलो होतो. वाढदिवसाची पार्टी होती, अर्धा हॉल त्यांना दिलेला, आणि आमच्याकडून मात्र पूर्ण तासाचे पैसे घेतले. तिकीट काढण्याआधी सांगितलं असतं तर परत गेलो असतो. फोन करून आधी विचारा. पाय घसरू नये म्हणून घालायचे ग्रिपचे मोजे एकदा घेतले की जपून ठेवा, नाहीतर दर वेळी नवे घ्यावे लागतात.

वर्धमाननगर, मुलगे १० आणि साडेतीन वर्षांचे

ट्रॅम्पोलिनबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून हे लिहिताना जास्त जड जातं.

दोघं भाऊ एकाच जाळीवर होते. मोठ्यानं उडी मारली, जाळी खाली दबली आणि वर येऊ लागली. नेमका त्याच क्षणी धाकटा खाली उतरत होता. वजनदार मूल जाळीत जो जोर साठवतं, तो अशा वेळी सगळा हलक्या मुलाच्या पायात जातो. धाकट्याच्या नडगीच्या हाडाला गुडघ्याखाली चीर गेली. तो पडला नाही, कशावर आपटला नाही, फक्त पाय टेकवेना. तीन आठवडे प्लास्टर होतं.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये हे स्पष्ट लिहून ठेवलंय: ट्रॅम्पोलिनवरच्या जवळपास तीन-चतुर्थांश दुखापती एका वेळी एकापेक्षा जास्त जण उड्या मारत असताना होतात, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना धोका सगळ्यात जास्त. हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी मी कडेला उभी राहून दोघांचा व्हिडिओ काढत होते. भाऊ भावाबरोबर खेळतोय, यात धोका असेल असं मनातच आलं नाही.

एका जाळीवर एकच मूल, हा नियम भिंतीवर लिहिलेला असतो. तो कुणी पाळायला लावतं का, ते बघा. आणि घरचीच दोन मुलं असतील तर तो आपण पाळा.

महाल, आजी

माझी नातवंडं सुट्टीत पुण्याहून येतात. पैसे भरून खेळायला जायचं, हे मला आधी पटत नव्हतं. पण मला बीपी आहे, उन्हात बाहेर पडायची डॉक्टरांनी मनाई केली आहे. सून म्हणाली, आई, तुम्हीपण चला, तिथं एसी आहे. दोन तास मी गार हवेत बसले, पोट्टे डोळ्यांसमोर होते, आणि माझ्याच वयाच्या एक बाई भेटल्या. त्या निघाल्या आमच्या सक्करदऱ्याच्या ओळखीतल्या. माझीही दुपार बरी गेली.

मालकांना माझं एवढंच सांगणं आहे. पाठ टेकायला खुर्च्या ठेवा बाप्पा, बिनपाठीच्या स्टुलावर म्हातारं माणूस किती वेळ बसेल? आणि बाथरूम त्याच मजल्यावर पाहिजे. लेकरांनाही वेळेवर नेता येत नाही.

सुभाषनगर, मुलगी ३ वर्षांची

आम्हाला महिन्यातून एकदाच परवडतं. बाकीच्या दिवशी मेट्रो. लोकमान्यनगरहून सीताबर्डीपर्यंत जायचं आणि परत यायचं. डबा गार असतो, अंबाझरी तलाव दिसतो, आणि स्टेशनांची नावं तिला पाठ झालीत. पळता येत नाही हे खरं, पण दुपार निघते.

नंदनवन, मुलगा ७ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम)

पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा मिनिटांत परतलो. मोठ्यानं गाणी, माइकवर वाढदिवसाची घोषणा, मध्येच कुणी भोंगा वाजवला. माझा मुलगा दोन्ही कान दाबून दाराशी बसला. चपला घालून देतानासुद्धा कानावरचे हात काढेना.

दोन आठवड्यांनी मी तिथल्या मॅनेजरना फोन केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता येते, हे मला माहीत आहे, आणि गरज पडली असती तर मी ते बोललेही असते. पण ते लगेच म्हणाले, "ताई, मंगळवारी अकराला या, गाणी बंद ठेवतो." त्यांनी खरंच बंद ठेवली. एका बाजूचे लुकलुकणारे दिवेही घालवले.

तो बॉल पूलमध्ये गेला, गळ्यापर्यंत चेंडू ओढून घेतले आणि चाळीस मिनिटं पडून राहिला. बाहेरच्याला वाटलं असतं की पोरगं काही खेळतच नाही. पण अंगावर चारी बाजूंनी सारखा दाब आला की तो शांत होतो. घरी मी त्याला गोधडीत गुंडाळते ते त्यासाठीच. मधून मधून एक चेंडू उचलून गालाला लावायचा. मी तीन वर्षांत त्याला घराबाहेर इतकं सैल पडलेलं पाहिलं नव्हतं.

आता दर मंगळवारी जातो. "काऊन असा करते हा?" असं तिथं कुणी विचारत नाही. कुणाचं मूल आवाजाला घाबरत असेल तर लाजू नका, फोन करून शांत वेळ मागा.

धंतोली, मुलगी ५ वर्षांची

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बॉल पूलबद्दल सगळेच विचारतात, म्हणून लिहिते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात फिजिओथेरपी केंद्रांमधल्या बॉल पूलची तपासणी झाली होती, त्यात ३१ जातींचे जिवाणू सापडले. त्यातले बरेच एरवीही आपल्या कातडीवर, तोंडात असतात. धडधाकट मुलाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. पण हातापायाला उघडी जखम असेल, किंवा मूल आजारातून नुकतंच उठलं असेल, तर चेंडूंत सोडू नका.

हँड-फूट-माउथ, म्हणजे हातापायांवर आणि तोंडात फोड येतात तो संसर्गजन्य आजार, मात्र लक्षात ठेवा. माझ्या मुलीला गेल्या ऑगस्टमध्ये झाला, खेळून आल्यावर चार दिवसांनी. लागण तिथूनच झाली असं मी म्हणणार नाही, तिच्या वर्गातही तेव्हा चार मुलांना होता. हा विषाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. दाराशी हातावर दोन थेंब घेऊन आपलं समाधान होतं इतकंच. बाहेर पडल्यावर साबण लावून हात नीट धुवा आणि मगच डबा उघडा. आणि अंगावर फोड दिसत असताना केवळ पास संपतोय म्हणून मुलाला आणू नका, हात जोडून सांगते.

सेमिनरी हिल्सजवळ, मुलगा ६ वर्षांचा

माझं मत वेगळं आहे. साडेपाचला उजाडतं. पावणेसहाला जवळच्या बागेत या, दोन तास मोकळी हवा, माती, खारी, झाडं. संध्याकाळी धरमपेठेतला ट्रॅफिक पार्क. फोमवर उड्या मारून मुलाला मातीवर पडायला कसं येणार? खरचटणंही शिकावं लागतं.

प्रतापनगरहून मी पुन्हा

दादा, सकाळचं पटतं, आम्हीही जातो. पण आठ ते सात या अकरा तासांचं काय करू? २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ अंश तापमान होतं. तेवढं रोज नसतं, पण संध्याकाळी सातलासुद्धा घसरगुंडीच्या पत्र्यावर हात ठेवता येत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसात तीन तास हालचाल करावी आणि त्यातला एक तास चांगलं धावावं-दमावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. मे महिन्यात ते घरात होत नाही, मग हातात मोबाइल जातो.

हिंगणा रोड

मी इथं आई म्हणूनही लिहिते आणि आधी अशाच एका ठिकाणी पावणेदोन वर्षं काम केलं म्हणूनही. लग्नाआधी.

रविवारी चाळीस-पंचेचाळीस मुलं आणि आम्ही तिघी. एक तिकिटांजवळ, एक मोजे अन् चपलांजवळ. म्हणजे आत मी एकटी. गळ्यात शिट्टी होती. आईबाबा सोफ्यावर बसायचे, मी त्यांना बोल लावत नाही, आठवडाभराचे दमलेले असतात. पण लेकरू रडलं की पहिल्यांदा माझ्याकडे यायचं, कारण त्याला मी दिसत होते. मी उंच घसरगुंडीजवळ असले की ट्रॅम्पोलिनकडे माझी पाठ असायची. तिथं काय झालं ते मला आवाजावरून कळायचं.

चेंडू महिन्यातून एकदा, सोमवारी धुवायचे असा नियम होता. जाळीच्या पोत्यांत भरायचे, टबात साबणाच्या पाण्यात बुचकळायचे, गच्चीवर वाळवायचे. तीन पोत्यांनंतर बोटं पांढरी पडायची. सुट्ट्यांच्या गर्दीत तो सोमवार पुढं ढकलला जायचा. तळाशी क्लिपा, बिस्किटांचा चुरा, कानातले निघायचे. एकदा दुधाचा दात निघाला. मी तो कागदात बांधून काउंटरवर ठेवला. तिसऱ्या दिवशी एक बाबा विचारत आले, मुलीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे.

तिकीट काढण्याआधी आत डोकावून बघा. आत किती जणी आहेत, त्या फिरतात की एका जागी उभ्या आहेत, आणि चेंडू शेवटचे कधी धुतले, ते काउंटरवर नाही, आतल्या पोरीला विचारा. ती खरं सांगते.

मनीषनगर, मुलगी ८ वर्षांची

२५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागली आणि २७ जण गेले, त्यात मुलंही होती. आत वेल्डिंगचं काम चालू होतं, अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं. तेव्हापासून मी कुठंही गेलो की आधी दुसरं दार शोधतो. या जागांमध्ये सगळा फोम आणि रेक्झिन. पेटलं तर ज्वाळेआधी धूर मारतो.

इथं जे नवीन झालंय, तिथं मागं जिना आहे. एप्रिलमध्ये त्या दाराला कडी होती आणि पायऱ्यांवर खुर्च्या अन् खोकी रचलेली होती. मी फोटो काढून काउंटरवर दाखवला, आवाज न चढवता. दोन आठवड्यांनी गेलो तर खोकी गेली होती, खुर्च्या तशाच होत्या. पुन्हा सांगितलं. कुणी जाणार असेल तर बघून इथं लिहा.

प्रतापनगर

काल मुलीला घेऊन गेले होते, मंगळवार सकाळ साधली. आधी मागचं दार बघितलं. कडी काढलेली आहे, दार ढकललं की उघडतं. जिना मोकळा आहे, फक्त खालच्या वळणावर एक खुर्ची आहे. तिथला पहारेकरी तीवर बसतो म्हणाला. तो दारातून आत सरकून बसायला तयार झाला.

आत दोघी होत्या, फिरत होत्या. गाणी बंद होती. बॉल पूलच्या कोपऱ्यात एक मुलगा गळ्यापर्यंत चेंडूंत शिरून पडला होता. माझी मुलगी त्याच्यापासून थोड्या अंतरावर तशीच पडून राहिली, काही न बोलता, बराच वेळ.