शिमोनादा स्थानक पाहून आलेल्यांचे अनुभव

जपानच्या शिकोकु बेटावरील योसान मार्गावर, समुद्राकडे तोंड करून असलेले शिमोनादा हे एकाच फलाटाचे, कर्मचारी नसलेले स्थानक आहे. तेथे जाऊन आलेल्यांनी कोणती गाडी घेतली, भाडे कसे दिले आणि किती वेळ थांबावे लागले, हे कृपया लिहावे. वर्णने पुष्कळ झाली आहेत.

*

मात्सुयामाहून ओझूकडे जाणारी कोणतीही गाडी चालेल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मुकाईबाराला मार्ग दुभंगतो. १९८६ साली उचिकोमार्गे डोंगरातून जवळचा लोहमार्ग झाल्यापासून जलद गाड्या तिकडूनच धावतात आणि किनाऱ्याच्या जुन्या मार्गावर मोजक्या साध्या गाड्या उरल्या आहेत. समुद्राऐवजी बोगदे लागू लागले तेव्हा माझी चूक मला उमगली. गाडी इयो-नागाहामामार्गे जाणारी आहे, याची खात्री करूनच चढावे.

*

आमची गाडी एका डब्याची, डिझेलवर चालणारी होती. चढताना यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना फलकावर त्या क्रमांकाखाली दिसणारे भाडे चिठ्ठीसह चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे. पेटीजवळ सुटे करून देणारे यंत्र होते, पण ते १,००० येनपेक्षा मोठी नोट घेईना आणि माझ्याजवळ १०,००० येनची एकच नोट होती. जो नाण्यांचा बटवा उगाच जड होतो म्हणून मी हॉटेलात ठेवायला सांगत होते, त्याच बटव्यातून सासूबाईंनी दोघींचे भाडे मोजून दिले.

*

मी रत्नागिरीचा, कोकण रेल्वे नावाने कोकणची असली तरी तिच्यातून समुद्र क्वचितच दिसतो, त्यामुळे शिमोनादाचे आकर्षण जुने होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘सेइशुन १८’ या सवलतीच्या तिकिटाच्या भित्तिपत्रकांवर झळकल्यापासून हे स्थानक प्रसिद्ध झाले. चित्रांवरून लाटा फलाटालाच लागत असाव्यात असे वाटते. पूर्वी समुद्र खरोखरच तसा जवळ होता. आता मध्ये भराव घालून केलेला ३७८ क्रमांकाचा महामार्ग आहे. तो फलाटाच्या खालच्या पातळीवर असल्याने बाकावर बसल्यास दिसत नाही, कडेला गेल्यास मोटारी दिसतात. त्या बाकावर छायाचित्रासाठी रांग असते आणि रांगेतले बहुतेक जण मोटारीने आलेले असतात, ही गोष्ट मला थोडी खटकली.

*

सूर्यास्तासाठी थांबायचे असल्यास परतीची गाडी आधी पाहावी, कारण जूनमध्ये सूर्य सव्वासातनंतर मावळतो आणि दोन गाड्यांत कित्येकदा दोन तासांचे अंतर असते. शनिवार-रविवारी ‘इयोनादा मोनोगातारी’ ही पर्यटक गाडी काही मिनिटे थांबते आणि फलाट भरून जातो. मी सोमवारी गेले होते. शेवटची चाळीस मिनिटे माझ्याशिवाय तेथे एकच आजी होत्या, त्याही सूर्याकडे पाठ करून वेळापत्रक वाचत होत्या.