अनुभव धागा : माँतों, लिंबांच्या गावी

नीस, कान, मोनाको करून आलेली मराठी मंडळी पुष्कळ भेटतात. त्यांतली माँतोंला उतरलेली थोडी, आणि तिथे मुक्काम केलेली त्याहून थोडी. फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, इटलीच्या सीमेला खेटून हे गाव आहे. नीसहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. (जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला.) पाठीशी डोंगर उभे असल्याने उत्तरेचा गार वारा अडतो आणि भर हिवाळ्यात झाडं लिंबांनी पिवळी दिसतात. पूर्वी गाव मोनाकोच्या राजघराण्याचं होतं. १८४८ मध्ये बंड करून वेगळं झालं, आणि १८६१ मध्ये मोनाकोने ४० लाख फ्रँक घेऊन हक्क सोडला तेव्हा रीतसर फ्रान्सचं झालं.

दुपारी येऊन संध्याकाळी परत जाण्याचं हे गाव नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून जे तिथे राहून आलेत त्यांना आग्रहाने लिहायला बोलावते आहे. तुम्ही कुठे चाललात, काय खाल्लंत, कशापाशी रेंगाळलात ते सांगा. सुरुवात मी करते.

मी आधी जुन्या गावात चढेन. खालच्या रस्त्यावरून सान मिशेलच्या चर्चकडे रुंद पायऱ्यांची वाट जाते. वरच्या चौकात काळ्यापांढऱ्या गोट्यांची नक्षी आहे, आणि १९५० पासून उन्हाळ्यात तिथे उघड्यावर शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो. तिथून गेरू, गुलाबी, पिवळ्या भिंतींच्या बोळांतून आणखी वर गेलं की जुन्या किल्ल्याच्या जागी केलेली दफनभूमी लागते. मला गावातली ही जागा सर्वांत जवळची. १८५९ मध्ये जेम्स हेन्री बेनेट हे इंग्रज डॉक्टर क्षयाने खंगून इथे आले आणि बरे झाले. त्यांनी इथल्या हवेबद्दल लिहिलं आणि इंग्लंड-रशियातले रोगी हिवाळ्यासाठी येऊ लागले. सगळेच बरे झाले नाहीत. दगडांवरची वयं वाचत गेलं की विशी-तिशीतली माणसं भेटत राहतात, आणि समोर इटलीपर्यंतचा किनारा उन्हात पसरलेला असतो. रग्बीच्या विश्वचषकाला ज्यांचं नाव आहे त्या विल्यम वेब एलिस यांची कबरही इथेच आहे.

मूळची सांगलीची, आता नीसला

ताई, बाजाराचं मी सांगते. समुद्राजवळची मंडई सकाळीच गाठायची, दुपारपर्यंत आवराआवर होते. माँतोंचं लिंबू हिवाळ्यात घ्यावं. साल जाड, सुवासिक आणि अजिबात कडू नाही. इथले लोक चकत्या करून सालीसकट खातात. २०१५ पासून त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. किंमत साध्या लिंबाच्या कितीतरी पट, पण मी दरवर्षी त्याचं उपासाचं गोड लोणचं घालते. साल कडू नसल्यामुळे मुरायच्या आधीच मुलं बरणीत चमचा घालतात. इथे एक दंतकथा सांगतात : स्वर्गातून हाकलल्यावर ईव्हने एक लिंबू बरोबर आणलं आणि इथल्याच गारावाँच्या खाडीपाशी पुरलं, कारण ती जागा तिला स्वर्गासारखी वाटली.

पुण्याचा, पेशाने वास्तुविशारद

माझं कारण वेगळं होतं. चंडीगडचा कॅपिटॉल परिसर (विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय) विद्यार्थी असताना पाहिला होता. त्याचा कर्ता ल कॉर्बुझिए उन्हाळ्यात जिथे राहायचा ती खोली माँतोंच्या शेजारी, रोकब्रून-कॅप-मार्तां इथे आहे. बाहेरून सालीसकट लाकडाच्या फळ्या, आत ३.६६ मीटर लांब आणि तेवढीच रुंद खोली, २.२६ मीटर उंची. माणसाने हात वर केला तर बोटं कुठे पोचतात, त्यावरून ती उंची ठरवली आहे. स्वयंपाकघर नाहीच, शेजारच्या खानावळीत उघडणारं दार आहे, जेवायला तिकडे जायचं. चंडीगडला अख्ख्या राजधानीचे नकाशे चालू होते त्याच काळात, १९५१-५२ मध्ये, स्वतःसाठी त्याने एवढंच बांधलं. आत उभा राहिलो तेव्हा चंडीगडची ती अवाढव्य मोकळी जागा माझ्या डोळ्यांपुढे होती. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याच्या ७ देशांतल्या १७ कामांना एकत्र जागतिक वारसा ठरवलं, त्यात ही खोली आणि कॅपिटॉल परिसर दोन्ही आहेत.

त्याच आवारात आयलीन ग्रे या स्त्री वास्तुविशारदाने १९२० च्या दशकात बांधलेलं पांढरं घर आहे, ई-१०२७. ते चुकवू नका. खिडक्या, कपाटं, टेबलं, सगळ्यांत राहणाऱ्या माणसाचा विचार दिसतो. तिच्या भिंतींवर कॉर्बुझिएने तिला न विचारता चित्रं रंगवली. मी त्याचा चाहता आहे, तरी ते मला आजही पटत नाही. १९६५ च्या २७ ऑगस्टला तो खालच्याच समुद्रात पोहायला गेला आणि तिथेच त्याचा मृत्यू झाला. रोकब्रूनच्या वरच्या गावातल्या दफनभूमीत पत्नीशेजारी त्याची समाधी आहे, तिचा आराखडा त्याचाच.

पाहणी फक्त मार्गदर्शकाबरोबर होते आणि आधी नोंदणी लागते. नंतर गाडी न पकडता कॅप मार्तांला वळसा घालणाऱ्या पायवाटेने माँतोंला चालत या. एका हाताला खडक आणि पाणी, दुसऱ्या हाताला पाईनची झाडं. वादळानंतर वाटेचे तुकडे बंद ठेवतात, एवढं विचारून निघा.

दापोलीकर

आमच्याकडे ओहोटीला समुद्र पार लांब जातो. इथे सकाळी पाहिलेली पाण्याची रेघ संध्याकाळी जवळजवळ तिथेच! भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. किनाऱ्यावर मुख्यतः गोटे आहेत, त्यामुळे पाण्यात चालायचे रबरी बूट हवेतच. पाणी मात्र इतकं नितळ की गळाभर पाण्यात आपली पावलं दिसतात.

आईबाबांना घेऊन फेब्रुवारीत गेलेली

आम्ही २०१८ च्या लिंबू उत्सवाला होतो आणि त्या वर्षीचा विषय होता बॉलिवूड! उत्सव १९३४ पासूनचा, विषय दरवर्षी नवा. बिओव्हेसच्या बागेत संत्र्या-लिंबांनी मढवलेले घराएवढे देखावे उभे करतात. एकेक फळ रबरबँडने हाताने बसवलेलं असतं, अशी सुमारे १४० टन फळं. ती बहुतेक स्पेनहून येतात, गावचं लिंबू तेवढं पिकतच नाही. बाबा देखाव्यांच्या मागे जाऊन सांगाडा कसा बांधलाय तेच बघत बसले. त्या दिवसांत राहण्याचे दर चढतात. आधी ठरवा, किंवा नीसला राहून या.

निवृत्त वनस्पतीशास्त्र शिक्षिका, कोल्हापूर

व्हाल रामेच्या बागेचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते. पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाकडे ही बाग १९६६ पासून आहे. केळी, पाणवनस्पती, गरम देशांतली झाडं युरोपात उघड्यावर वाढताना पाहून मला फार आनंद झाला. इथे तोरोमिरो हे ईस्टर बेटावरचं झाड जपलं आहे. मूळ बेटावर रानात ते नष्ट झालं. त्याच्यापाशी मी बराच वेळ होते. नात कंटाळून पुढे गेली, मी नाही हलले. बागेत चढउतार आहे, गुडघे दुखत असतील तर काठी न्या.

एक प्रश्न

आम्ही शाकाहारी आहोत, सासूबाई अंडंही खात नाहीत. निभेल का?

सांगलीची, आता नीसला

निभेल हो वहिनी. सोका मागा : हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, भट्टीत मोठ्या परातीत भाजलेलं. आपलं बेसनाचं धिरडंच, वर मिरी. पिशाद ही टोमॅटो-कांद्याची रोटी मिळते, पण वर अँचोव्ही मासळी घालतात का ते विचारा. बार्बाज्वां म्हणजे पालेभाजी आणि चीज भरून तळलेली करंजी. त्यात काही जण अंडं किंवा मांस घालतात, म्हणून सासूबाईंना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि शुक्रवारी असाल तर गाडीने सीमेपलीकडे व्हेंतिमिल्याच्या आठवडी बाजाराला जा. ताजं चीज, टोमॅटो आणि पाव घेऊन या, रात्रीचं जेवण घरी.