चालू आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाइनमध्ये) सेफ्ट्रियाक्सोन दिलं आणि नळी पांढरी झाली, अँटिबायोटिकचे क्लास लक्षात तरी कसे ठेवायचे?

बागलाणची_लेक

नमस्कार. मी बीएस्सी नर्सिंग सेकंड इयरला आहे, मूळची सटाण्याकडची, नाशिकला हॉस्टेलवर राहते. परवा पोस्टिंगला एक प्रकार झाला, तेव्हापासून झोप धड लागत नाहीये म्हणून इथे विचारतेय.

फिमेल मेडिसिन वॉर्ड, सकाळची ड्यूटी, दहाचे डोस चालले होते. एका आजींना युरिन इन्फेक्शन, थंडी वाजून ताप, इंजेक्शन सेफ्ट्रियाक्सोन एक ग्रॅम बीडी, म्हणजे दिवसातून दोनदा. एएसटी, म्हणजे औषध बाधतं का बघायची स्किन टेस्ट, आदल्या दिवशी झालेली, पहिला डोस गेलेला, काही त्रास नव्हता. मी व्हायल १० एमएल डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली, नाव विचारलं, केस पेपर बघितला, एक्स्पायरी बघितली आणि चालू ड्रीपच्या पोर्टमधून हळूहळू द्यायला लागले. दोनेक एमएल गेलं असेल, बघते तर पोर्टच्या खालची नळी तांदळाच्या धुवणासारखी झालेली, आत बारीक पांढरे कण. मला वाटलं औषध नीट विरघळलं नाही की काय. शेजारच्या बेडवरच्या स्टाफ सिस्टरने तिथूनच बघितलं, पळत आल्या, कॅन्युलाजवळची नळी बोटांनी दुमडून धरली आणि म्हणाल्या आरएल आहे ना गं हे! सेट कॅन्युलापासून तोडला, पूर्ण फेकला, नवीन सेट, नवीन एनएस (नॉर्मल सलाइन), डॉक्टरांना कळवलं, आजींचे व्हायटल्स दर पंधरा मिनिटांनी. आजी व्यवस्थित आहेत, काल मला बोलावून घरची भाकरी खायला दिली, मला तर रडूच आलं.

माझा प्रश्न असा की मी क्लास पाठ केलेत. सिलिन म्हणजे पेनिसिलिन, सेफ म्हणजे सेफॅलोस्पोरिन, फ्लॉक्सासिन म्हणजे क्विनोलोन. इंटर्नलला मार्कही चांगले पडले. पण त्या पाठांतरात आरएल कुठेच नव्हतं. आणि मायसिनचा तर गोंधळच आहे, अ‍ॅझिथ्रोमायसिन वेगळ्या क्लासचं, स्ट्रेप्टोमायसिन वेगळ्या, व्हँकोमायसिन अजून तिसऱ्या. तुम्ही वॉर्डात काम करणारे लोक हे डोक्यात कसं ठेवता? पुढच्या आठवड्यात वायवा (तोंडी परीक्षा) आहे पण खरं सांगू का, वायवापेक्षा मला परत सिरिंज हातात घ्यायची भीती वाटतेय.

रातपाळी_सिस्टर

ताई, आधी एक सांगते, तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस, कारण सेट गपचूप बदलून कचऱ्यात टाकणारेही मी पाहिलेत. मी अकरा वर्षं आयसीयूला आहे, नाशकातच.

आरएलमध्ये कॅल्शियम क्लोराईड असतं. सेफ्ट्रियाक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आलं की न विरघळणारा क्षार तयार होतो, तेच तुला दिसलं. मोठ्या माणसात आरएल बंद करून, लाइन एनएसने नीट फ्लश करून मग देता येतं. पण २८ दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियम असलेलं काहीही शिरेतून चालू असेल तर सेफ्ट्रियाक्सोन द्यायचंच नाही, फ्लश करूनसुद्धा नाही. तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसात, किडनीत हे खडे सापडून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. उद्या तुझी एनआयसीयूला पोस्टिंग लागली तर हे लक्षात असू दे.

आता मायसिन. ते शेपूट औषध कुठून आलं ते सांगतं, काम काय करतं ते नाही. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूंपासून जी सापडली त्यांना मायसिन, स्पेलिंगमध्ये वाय. जेंटामायसिन मायक्रोमोनोस्पोरापासून आलं म्हणून तिथे आय, बघ तुझ्या पुस्तकात. म्हणजे शेपटावरून घराणं ठरवायला गेलीस की फसणार. मी शेपूट सोडून दिलं. मी प्रत्येक क्लास पेशंटच्या अंगावर बघते, म्हणजे हे औषध लावल्यावर मी कुठे बघणार, एवढंच.

अमिकासिन, जेंटामायसिन म्हटलं की माझी नजर युरिन बॅगवर. ही अमायनोग्लायकोसाइड घराण्यातली, किडनीला आणि कानाला लागतात. ५० किलोच्या माणसाला तासाला २५ एमएलच्या खाली लघवी यायला लागली किंवा रक्तातलं क्रिएटिनिन चढलं (म्हणजे किडनी मंदावली) की पुढचा डोस लावायच्या आधी डॉक्टरांना फोन. पेशंट शुद्धीवर असेल तर रोज विचारायचं, कानात गुंई होतंय का, उठल्यावर झोक जातो का. आपण विचारल्याशिवाय लोक सांगत नाहीत, त्यांना वाटतं अशक्तपणा आहे. आणि ही औषधं पेनिसिलिन गटाच्या औषधाबरोबर एका बाटलीत कधीच मिसळायची नाहीत, पेनिसिलिन त्यांना निकामी करतं.

व्हँकोमायसिन म्हटलं की नजर घड्याळावर आणि पेशंटच्या मानेवर. जोरात गेलं की चेहरा, मान, छाती लालबुंद होते, खाज सुटते, बीपी पडतं. दर मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि डोस कितीही छोटा असला तरी ६० मिनिटं तरी लावायचीच. एक ग्रॅम २०० एमएल एनएसमध्ये घातलं तर १०० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २ एमएल, २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला ४० थेंब. पंधरा सेकंदात १० थेंब मोज, झालं. लाल पडला तर आधी ड्रीप बंद, मग डॉक्टर. ही बहुतेक वेळा वेगामुळे आलेली रिअ‍ॅक्शन असते, अ‍ॅलर्जी नाही, पण धाप, घरघर, ओठ सुजणं असं काही दिसलं तर अ‍ॅनाफिलॅक्सिसच समजून चालायचं.

क्लिंडामायसिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन शिरेतून डायरेक्ट पुश कधीच नाही, दोन्ही पातळ करून सावकाश. लिव्होफ्लॉक्सासिन ५०० ची बाटली तासभर, ७५० असेल तर दीड तास. अ‍ॅझिथ्रो आणि फ्लॉक्सासिनवाल्यांच्या बाबतीत ईसीजीतला क्यूटी डोक्यात ठेव, तो लांबला की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि पेशंट म्हणाला टाच दुखतेय तर ते हसण्यावारी नेऊ नको, क्विनोलोनने टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, फाटू शकतो, साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांना जास्त.

सिडको_वॉर्डबॉय_ते_ब्रदर

सिस्टर सगळं बरोबर आहे पण १०० मिनिटं व्हँको लावून थेंब मोजायचे, आमच्याकडे रात्री चाळीस पेशंट आणि दोन स्टाफ, कुठून आणायचा वेळ ते पण सांगा. नवीन मुलं पुस्तकातलं घेऊन येतात आणि वॉर्डात आल्यावर घाबरतात.

रातपाळी_सिस्टर

दादा, मी पण जनरल वॉर्ड केलाय, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी राउंडला निघायच्या आधी व्हँको लावते, बुरेट सेट (मध्ये मापाची छोटी नळी असलेला) असेल तर त्यात, म्हणजे चुकून क्लॅम्प सैल झाला तरी अख्खी बाटली एकदम जात नाही. मग बाकीचे पुश डोस देत जाते आणि येता जाता त्या बेडवर नजर टाकते. नातेवाइकाला सांगून ठेवते की मावशी, ह्यांची मान लाल दिसली किंवा खाजवायला लागले तर लगेच हाक मारा, चाकाला मात्र हात लावू नका. बाटली लवकर संपावी म्हणून चाक फिरवणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतात. पण वेळ नाही म्हणून अर्ध्या तासात सोडायची, हे मला पटत नाही, तेवढ्या वेळात ते पेशंटला बाधू शकतं.

क्लिनिकल_मॅडम

मी नर्सिंग कॉलेजला शिकवते. सिस्टरांनी छान सांगितलंय, मी अ‍ॅलर्जीचं सांगते, कारण प्रश्नात एएसटी झाली होती असं एका ओळीत येऊन गेलं आणि मुलं तिथे निर्धास्त होतात.

स्किन टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे रिअ‍ॅक्शन येणार नाही असं अजिबात नाही. तुमच्या हॉस्पिटलच्या पद्धतीप्रमाणे टेस्ट करा, नोंद करा, पण खरं काम तोंडाने विचारायचं आहे. आणि अ‍ॅलर्जी आहे का असं विचारलंत तर आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तो शब्दच लागत नाही, त्या नाही म्हणून मोकळ्या होतात. त्यांच्या बोलीत विचारा, कधी कुठलं इंजेक्शन बाधलं होतं का, गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ डोळे सुजले होते का, घशात दाटल्यासारखं झालं होतं का. माझ्या एका विद्यार्थिनीला एका मावशींनी तीनदा अ‍ॅलर्जी नाही म्हणून सांगितलं आणि चौथ्यांदा बाधणं हा शब्द ऐकल्यावर म्हणाल्या, हो गं, गावच्या डॉक्टरने कमरेत सुई मारली तेव्हा तोंड एवढं सुजलं होतं. उलट कुणी म्हणालं औषध गरम पडलं, तर काय झालं ते खोदून विचारा, नुसती मळमळ किंवा पातळ संडास ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण दोन्ही केस पेपरवर लिहा, त्यांच्याच शब्दांत.

पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असेल तर नावांकडे नीट बघा. ऑगमेंटिनमध्ये अमॉक्सिसिलिन आहे, पिपटॅझमध्ये पिपरासिलिन आहे, पेनिसिलिन हा शब्द कुठेच दिसत नाही आणि दोन्ही त्याच घरातली. सेफॅलोस्पोरिनशी क्रॉस रिअ‍ॅक्शन १० टक्के असं जुन्या पुस्तकांत सापडेल, आता ती बरीच कमी, २ टक्क्यांच्या आसपास मानतात, पण द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुमचं काम त्यांना कळवायचं.

पहिला डोस दिल्यावर पेशंटजवळून लगेच हलू नका. अंगावर गांधी, आवाज घोगरा, धाप, बीपी पडलं, तर औषध बंद, मदतीला हाक, पेशंटला आडवं करून पाय वर, धाप असेल तर बसतं. अ‍ॅड्रेनालिन १:१००० मोठ्या माणसाला ०.५ एमएल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. एव्हिल (अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) नंतर. वायवाला मी हे नेहमी विचारते आणि दहातली सहा मुलं आधी एव्हिल म्हणतात.

आणखी एक, बेंझाथिन पेनिसिलिन. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली मुलं दर २१ दिवसांनी घ्यायला येतात ते. दुधासारखं दाट असतं, सुईत अडकतं. ते फक्त खोल स्नायूत, शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. मुलगा रडतोय, आई घाई करतेय, तरी सुई आत गेल्यावर मागे ओढून रक्त येत नाही ना एवढं बघाच.

मेनरोड_फार्मासिस्ट

गोळ्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. डिस्चार्जला सिस्टर जे सांगतात तेच पेशंट घरी करतो, आमच्या काउंटरवर तो ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. डॉक्सीसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून, आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम करते. डॉक्सी आणि सिप्रो दोन्हीच्या बाबतीत अँटासिड, लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, सिप्रो नुसत्या दुधाबरोबर पण नको, पोटात बांधलं जातं आणि औषध अंगी लागतच नाही. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या असतातच, पण तिला मुळात डॉक्सी, सिप्रो शक्यतो टाळतात, प्रिस्क्रिप्शनवर दिसलं तर परत विचारून घ्या. मेट्रोनिडाझोल चालू असेल तर दारू नाही, संपल्यावरही तीन दिवस, आणि तोंडाला धातूची चव येईल, लघवी गडद होईल हे आधीच सांगा म्हणजे घाबरून गोळ्या बंद करणार नाहीत. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन असली औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या औषधांच्या कडक यादीत आहेत, १ मार्च २०१४ पासून, आम्हाला त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवून तीन वर्षं जपावं लागतं. तरी रोज कुणीतरी येतो आणि मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून तेच द्या म्हणतो.

बागलाणची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे हॉस्टेलवर मोठ्याने वाचून दाखवलं, रूममध्ये चौघी आहोत. अजून एक विचारायचं होतं. आमच्या डाळिंबावर तेल्या रोग आला की वडील स्ट्रेप्टोसायक्लिन फवारतात, पाकिटावर स्ट्रेप्टोमायसिन लिहिलंय. ते आणि टीबीचं एकच का? आणि दहाचा डोस अकराला दिला तर चालतं का, कारण आमच्याकडे राउंड लांबला की सगळंच लांबतं.

क्लिनिकल_मॅडम

हो, तेच. स्ट्रेप्टोमायसिन आणि थोडं टेट्रासायक्लिन असतं त्यात. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे तुझ्या अमिकासिनच्याच घरातलं, १९४३ मध्ये सापडलं आणि टीबीवर चाललेलं पहिलं अँटिबायोटिक. वडिलांना सांग, पाण्यात कालवताना मास्क, हातमोजे, आणि डोस मनाने वाढवायचा नाही. बागेतले जंतूही त्याला सरावतात.

वेळेचं असं आहे की पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेम ह्यांची रक्तातली पातळी दिवसभर टिकून राहिली तर जंतू मरतात, म्हणून दिवसातून तीनदा असेल तर आठ तासांनी म्हणजे सहा, दोन, दहा, सकाळ दुपार संध्याकाळ नव्हे. तासभर इकडेतिकडे झालं तर द्या आणि दिलेली खरी वेळ लिहा, दहा वाजता दिलं असं लिहू नका. अमिकासिनला एकदम उंच पातळी लागते, म्हणून ते बहुतेक दिवसातून एकदाच असतं. आणि कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवायचं असेल तर रक्त आधी, डोस नंतर, पण पेशंट सेप्टिक शॉकमध्ये असेल तर एका तासाच्या आत पहिला डोस गेलाच पाहिजे, कल्चरसाठी तो अडवायचा नाही.

रातपाळी_सिस्टर

ताई, उद्या ड्यूटी आहे का? असेल तर इन्चार्ज सिस्टरांना सांग की पहिला सेफ्ट्रियाक्सोन मलाच द्यायचाय, तुम्ही शेजारी उभ्या राहा. बाटलीवरचं नाव मोठ्याने वाच, लाइन एनएसने फ्लश कर, दोन ते चार मिनिटं घेऊन दे, परत फ्लश कर. आणि पूर्ण वेळ नळीकडे बघत राहा.

बागलाणची_लेक

सकाळची आहे. त्याच वॉर्डात. आजींचा दहाचा डोस आहे, मी सांगते सिस्टरांना.