परिपाठात आनापान हवं की नको?

कृष्णाकाठ
आमच्या सातारा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठानंतर दहा मिनिटं आनापान घ्यायचं ठरतंय. डोळे मिटून नैसर्गिक श्वासाकडे लक्ष ठेवायचं, बस. पालकसभेत काहींनी 'हे बौद्ध धर्माचं, पहिलीच्या पोरांना कशाला' म्हणून मोडता घातला. शासनाने 'मित्र उपक्रम' काढून हेच शाळांत आणलं होतं. रोज पसायदान चालतं, मग यालाच विरोध का? मला तरी यात आकस दिसतो.

माणदेशी
आकस नाही हो. विपश्यना केंद्रांच्या आनापान शिबिरात मुलांना पंचशील, म्हणजे बौद्ध धम्मातले पाच नियम, घ्यायला लावतात. घटनेचं कलम 28 स्पष्ट आहे: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. सहा वर्षांचं पोर गुरुजींना 'मी नाही बसणार' म्हणेल का? वर्गातल्या सरस्वतीपूजनालाही माझा हाच आक्षेप आहे.

कराडची लेक
मी बौद्ध आहे, तरी माझा विरोध आहे. 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेब साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. त्या तारखेला विद्यार्थी दिन करतात, फोटोला हार घालतात. पण त्यांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्म का स्वीकारला, हे मुलांना कोण सांगतं? आगाशिवची बौद्ध लेणी कराडच्या उशाला आहेत आणि सहल जाते महाबळेश्वरला! पोरांना तिथे न्या. भिक्खू पावसाळ्यात एका जागी का राहायचे, विहार कसा असायचा, दान कोण द्यायचं, ते दाखवा. बुद्ध म्हणजे नुसतं गप्प बसणं, हे मुलांच्या डोक्यात जायला नको. आमच्या घरात बुद्ध आला तो माणसाला माणूस म्हणून जगता यावं यासाठी.

कृष्णाकाठ
ताई, लेण्यांचं शंभर टक्के पटलं. पण त्यासाठी आनापान सोडायचं कारण नाही. पंचशील वगळून फक्त श्वास घेतला तर?

माणदेशी
मग शिबिराची ध्वनिफीत लावू नका, आणि ज्या पालकांना नको त्यांच्या मुलांना वाचनाला बसवा. लेण्यांना माझी हरकत नाही. 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच धर्मांची माहिती देणं आणि धर्म शिकवणं यात फरक केलाय.

खडूफळा
मी दुसरीला शिकवते. विपश्यनेवाल्यांची मुलांची शिबिरंसुद्धा आठ वर्षांपुढच्यांसाठी असतात. आमच्याकडे सहा-सात वर्षांची पोरं येतात. घ्यायचंच तर चौथीपासून घ्या, आणि पालकसभा पुन्हा बोलवा.