घरी बनवलेला गवत कापायचा रोबो: पातं सुरू केलं की बोर्ड रीसेट होतो आणि तारेच्या बाहेरही जातो

हिरवळवेडा
नमस्कार मंडळी, गेले चार महिने सुट्टीच्या दिवशी बसून लॉन कापायचा रोबो बनवतोय आणि आता अगदी शेवटच्या टप्प्यावर येऊन अडकलोय, म्हणून इथे विचारतोय. बॉडी प्लायवूडची, मागे दोन वायपर मोटर, पुढे एक फिरतं चाक, १२ व्होल्ट ७ एएचची लेड ॲसिड बॅटरी, आर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), चाकांच्या मोटरला करंट पुरवायला एल२९८एन ड्रायव्हर आणि पात्याला ७७५ मोटर, ती एका मॉस्फेटवरून (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू-बंद करतो. बोर्डाला ५ व्होल्ट त्या एल२९८एनवरूनच घेतलेत. रोबोला हद्द कळावी म्हणून लॉनभोवती वायर टाकलीये, तिच्यात साधारण ३४ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडतो आणि रोबोवर १ मिलिहेन्रीची कॉइल आणि २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे दोन्हीचा सूर जुळतो.

फरशीवर अर्धा अर्धा तास बिनतक्रार फिरतो. लॉनवर नेला, पातं सुरू केलं की दहा-पंधरा सेकंदात बोर्डाचा दिवा मिणमिणतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू. आणि पातं बंद ठेवलं तर मध्येच तार ओलांडून सरळ बाहेर जातो, बाहेर गेला की मजेत फिरत बसतो, परत येतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे परवा रीसेट झाल्यावरसुद्धा पातं एक-दोन सेकंद फिरत होतं, कोडमध्ये तर पहिल्याच ओळीत पातं बंद असं लिहिलंय! ते बघून पोटात गोळाच आला. कोड तीनदा नव्याने लिहून झाला. नक्की कुठे चुकतंय?

सोल्डरदादा
कोड बाजूला ठेवा दादा, चूक तिथे नाहीये. फरशीवर चालतो आणि गवतात मरतो म्हणजे करंटचं दुखणं. फरशीवर वायपर मोटरला फार काही काम नसतं, गवतात चाक जरा रुतलं की तीच मोटर कितीतरी जास्त करंट ओढते आणि एल२९८एन एका बाजूला २ ॲम्पियरचा गडी, शिवाय तो स्वतःच दीड-दोन व्होल्ट खाऊन गरम होतो. हात लावून बघा, चटका बसेल. त्यात ७७५ सुरू होतानाचा झटका. तेवढ्यात बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, त्याच्यावरून निघालेले ५ व्होल्ट पण बसतात, आणि बोर्ड रीसेट होणारच.

मल्टिमीटर लावून बघायला जाऊ नका, तो इतका पटकन पडलेला व्होल्टेज दाखवत नाही, मी त्याच्यावर भरवसा ठेवून दोन रविवार घालवलेत. त्यापेक्षा आर्डुइनोला तात्पुरती वेगळी छोटी बॅटरी द्या, फक्त ग्राउंड एकत्र ठेवा, आणि तसाच लॉनवर चालवून बघा. रीसेट थांबले तर रोग सापडला. मग एल२९८एन काढून बीटीएस७९६० हा दणकट ड्रायव्हर टाका, प्रत्येक मोटरला एक (त्याच्यावर ४३ ॲम्पियर लिहिलेलं असतं, तेवढा सतत देत नाही, पण वायपर मोटरला पुरून उरतो), आणि बोर्डासाठी वेगळा बक कन्व्हर्टर (१२ व्होल्टचे ५ करणारा) घ्या. ग्राउंडच्या तारा एकीतून दुसरीत अशा माळेसारख्या जोडल्या असतील तर त्या सोडवा आणि सगळ्या बॅटरीपाशी एकाच ठिकाणी आणा, जाड तार वापरा. मोटरच्या दोन्ही टोकांमध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, आणि जमलं तर प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला अजून एकेक, तेही मोटरच्या अंगालाच सोल्डर करा, बोर्डाजवळ लावून उपयोग नाही.

पातंकाका
सोल्डरदादांचं सगळं बरोबर, पण मला त्या एक-दोन सेकंदांची जास्त काळजी वाटतेय. रीसेट झाला की आर्डुइनोच्या पिना मोकळ्या सुटतात, ना चालू ना बंद, आणि तुमचा कोड सुरू व्हायच्या आधी बूटलोडर (बोर्डातला सुरुवातीचा छोटा प्रोग्राम) थोडा वेळ खातो. तेवढ्या वेळात मॉस्फेटच्या गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर, जो चार्ज उरलाय त्याच्यावर तो चालूच राहू शकतो. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, आजच लावा. आणि ह्याच्या उलट कोड कुठे अडकला, रीसेट झालाच नाही, तर पिन आहे तशीच राहते आणि पातं फिरतच राहतं, म्हणून वॉचडॉग (कोड अडकला की बोर्ड आपोआप रीसेट करणारा टायमर) पण सुरू करा, अर्ध्या सेकंदाचा ठेवा.

पण एवढ्यावर थांबू नका. पात्याचा करंट एका रिलेमधून (कॉइलला करंट दिला की जोडला जाणारा स्विच) न्या आणि त्या रिलेच्या कॉइलच्या तारेत वरचं लाल बटण आणि बॉडी उचलल्यावर सुटणारे स्विच एकामागोमाग एक जोडा. म्हणजे कोणी रोबो उचलला की कॉइलची जोडणी तुटणार आणि पातं थांबणार, कोडला विचारायचं कामच नाही. रिले चेंजओव्हरचा (सुटल्यावर दुसरीकडे जोडला जाणारा) घेतलात तर सुटल्यावर मोटरची दोन्ही टोकं एका रेझिस्टरमधून आपसात जोडता येतात, मोटरच ब्रेकचं काम करते आणि पात्याची चकती लगेच थांबते. नुसता करंट तोडला तर चकती आपल्या वेगाने बराच वेळ फिरत राहते.

हिशोब करून बघा, २० सेंटिमीटरची चकती मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तर टोकाचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या वर जातो. मी पहिल्या रोबोला करवतीच्या पट्टीचं अखंड पातं लावलं होतं. एका दगडावर आपटलं, मोटरचा दांडा वाकला आणि पट्टीचा तुकडा माझ्यापासून हातभर अंतरावर कुंपणात रुतला. अर्धा तास नुसता बसून होतो. तुम्ही काय लावलंय ते लिहिलेलं नाही, पण अखंड पट्टी असेल तर काढा. गोल चकतीच्या कडेला तीन छोटी पाती स्क्रूवर सैल लावतात, दगड लागला की पातं मागे वळतं आणि झटका दांड्यापर्यंत जात नाही. कंपन्यांचे बरेच रोबो असेच असतात. पात्याचं टोक बॉडीच्या कडेपासून चांगलं आत असू द्या, बुटाचं टोक पोचता कामा नये. आणि हे सगळं होईपर्यंत पातं काढून ठेवा, नुसतं बंद नको, काढून.

कॉइलकर
तारेबद्दल मी सांगतो. तुमची कॉइल आडवी लावलीये का? आणि तुम्ही फक्त सिग्नल किती जोरात येतोय एवढंच बघताय ना? तसं असेल तर रोबो बिचारा बरोबरच वागतोय. लॉनच्या मध्यभागी सिग्नल कमी, तारेजवळ जास्त आणि बाहेर दूर गेलं की पुन्हा कमी, मग त्याला कळणार कसं की आपण आत आहोत का बाहेर?

तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं, म्हणजे आतल्या बाजूला ते जमिनीतून वर येत असेल तर त्याच क्षणी बाहेरच्या बाजूला खाली जातं. म्हणून कॉइल उभी करा, तिचा अक्ष सरळ जमिनीकडे, मग तार ओलांडताना सिग्नल उलटा होतो. पण अखंड सारखी लाट सोडली तर उलटी आणि सुलटी सारखीच दिसते, तुलना करायला काही नसतं. त्यापेक्षा तारेत छोटा एकदिशी पल्स सोडा, मग थोडी शांतता, मग परत पल्स. कॉइल घंटेसारखी वाजते आणि तिचा पहिला हेलकावा वर गेला की खाली, एवढंच बघायचं. तो हेलकावा १५ मायक्रोसेकंदांचा असतो आणि उनोच्या एका ॲनालॉग रीडिंगलाच १०० च्या वर लागतात, त्यामुळे तसं वाचायचा प्रयत्न करू नका. एलएम३९३ चिपमधले दोन कंपॅरेटर (सिग्नल ठराविक पातळी ओलांडतो का ते सांगणारे) लावा, एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या, दोन्ही इंटरप्टच्या पिनांवर (बदल झाला की बोर्ड लगेच दखल घेतो अशा), जो आधी आला तो खरा. आधी सिग्नल ॲम्प्लिफाय करायला (वाढवायला) एलएम३२४ चिप असेल तर एकाच टप्प्यात शंभरपट मागू नका, ह्या फ्रिक्वेन्सीला त्याला झेपत नाही, दहा-दहाचे दोन टप्पे करा.

कॉइल पुढच्या टोकाला लावा, मोटरपासून जितकी लांब तितकी चांगली. आणि तार तुटली, सिग्नलच येईना झाला, तर रोबोने जागच्या जागी उभं राहायचं, हे विसरू नका. जर्मनीत सुरू झालेला आर्डुमोव्हर प्रकल्प बघितला नसेल तर बघा, सर्किट आणि कोड सगळं खुलं आहे. त्यात पल्सऐवजी ठराविक कोड तारेत सोडतात आणि तोच ओळखतात, मोटरच्या गोंगाटातही तो सापडतो.

हिरवळवेडा
तुम्हा तिघांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पातंकाका, पट्टी अखंडच होती. तुमचं वाचलं आणि उठून आधी ती काढली, आता चकती कापतोय.

बोर्डाला वेगळी बॅटरी दिली, पातं नसलेली मोटर नुसतीच फिरवत ठेवली आणि लॉनवर सोडला, ४० मिनिटं एकही रीसेट नाही. एल२९८एनला हात लावला तर खरंच चटका बसला. गेटला १० किलोओहम लावला आणि मुद्दाम दहा वेळा रीसेटचं बटण दाबलं, दहाही वेळा मोटर लगेच बंद झाली. कॉइल उभी केली, दोन कंपॅरेटर ब्रेडबोर्डवर (सोल्डरशिवाय जोडायच्या पट्टीवर) दिव्यांसकट लावले, रोबो हातात धरून तारेवरून पलीकडे नेला आणि एक दिवा विझून दुसरा लागला, अगदी तारेच्या डोक्यावर! बायकोला बोलावून चारपाच वेळा दाखवलं. आता फक्त एका कोपऱ्यात गडबडतो, तिथे तार काटकोनात वळवलीये, त्यामुळे असेल का?

कॉइलकर
हो, काटकोन करू नका, कोपरा गोल वळवा किंवा ४५ अंशांची दोन वळणं द्या. अगदी टोकात घुसल्यावर मागचं चाक बाहेर राहतं आणि वळताना तो फसतो.

पातंकाका
पट्टी काढलीत, बरं वाटलं. रिले आणि उचलायचे स्विच जोडून झाले की चकती लावायच्या आधी नुसत्या मोटरवर दहा वेळा उचलून बघा, दहाही वेळा थांबायला हवी. पहिल्यांदा कापाल तेव्हा गवत कोरडं असू द्या आणि पातं उंच ठेवा, एका वेळी वरचा एक तृतीयांशच कापायचा, रोबोने रोज थोडं थोडं कापलं की तुकडे तिथेच जिरतात. चकतीचा फोटो टाका, भोकं केंद्रापासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघून सांगतो.